वेगवान मोटरसायकलीचा विमा महाग का?



गेल्या दिवाळीत आमच्या अंगणात दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक माझ्या थोरल्या पुतण्याची, सव्वाशे सीसीची, मागे दुधाच्या किटल्या बांधल्या तरी शोभून दिसेल अशी. दुसरी धाकट्याची, चारशे सीसीला थोडीशी कमी, हँडलवर ओणवे होऊन चालवायची, पुढून प्लॅस्टिकच्या चकचकीत आवरणाने झाकलेली. फराळ करता करता विम्याचा विषय निघाला. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यांत पहिल्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर वर्षाला ७१४ रुपये होता आणि दुसरीचा २,८०४ रुपये. कर वेगळा. धाकटा म्हणाला, "काका, दादा दोनदा घसरून पडलाय. मी अजून एकदाही पडलेलो नाही. मग जवळजवळ चौपट पैसे मीच का भरायचे?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गणिताच्या वहीत आहे. सगळे नाही, पण बरेचसे आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते, की विमा कंपनी आपल्याला अपघात होणार की नाही याचा अंदाज बांधते. तसे नाही. अपघात नेमका कोणाला होईल हे तिला ठाऊक नसते. तिला एवढेच कळावे लागते, की अमुक प्रकारच्या हजार गाड्यांपैकी वर्षभरात साधारण किती गाड्यांना अपघात होतात.

फासे टाकून पाहा

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. वर्गात ३६ मुले आहेत असे समजा. प्रत्येकाने सापशिडीचे दोन फासे एकदा टाकायचे. दोन्हींवर सहा पडले तर त्याला 'अपघात' झाला असे मानायचे. दोन्ही सहा पडण्याची संभाव्यता १/३६ आहे, म्हणजे सरासरीने दर फेरीत एक अपघात. अपघातग्रस्ताला खोटे ३,६०० रुपये द्यायचे ठरले, तर प्रत्येकाकडून १०० रुपये गोळा केले की हिशेब जुळतो.

कागदावर जुळतो! प्रत्यक्ष फासे टाकू लागलात की गंमत दिसेल. शंभर फेऱ्या केल्यात तर सुमारे ३६ फेऱ्यांत एकही अपघात होणार नाही, जवळजवळ तेवढ्याच फेऱ्यांत एक होईल आणि उरलेल्या फेऱ्यांत दोन, तीन, क्वचित चारसुद्धा. दोन अपघात झाले की वर्गाची पेटी रिकामी, वर ३,६०० रुपयांचे देणे. एवढ्या लहान गटाचा विमा चालवणे म्हणजे जुगारच.

आता ३६ ऐवजी ३,६०० जणांनी फासे टाकले तर? अपेक्षित अपघात १००, आणि प्रत्यक्ष आकडा बहुधा दहाएकने इकडेतिकडे होईल. ३,६०,००० जण असतील तर अपेक्षित अपघात १०,००० आणि चढउतार शंभरएकाचा, म्हणजे शेकडा एक. गट शंभरपट वाढला, पण चढउतार दहापटच वाढला. हा वर्गमुळाचा नियम आहे. याकोब बेर्नुली या स्विस गणितज्ञाने मोठ्या संख्यांच्या या वर्तणुकीची सिद्धता दिली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापला गेला. विम्याचा सारा धंदा या नियमावर उभा आहे. एकेकट्याच्या बाबतीत काहीच सांगता येत नाही, पण लाखोंच्या बाबतीत चांगले नेमके सांगता येते.

सगळ्यांना सारखाच हप्ता ठेवला तर?

तुम्ही म्हणाल, मग सर्वांना एकत्र करून सारखाच हप्ता का ठेवत नाहीत? सहकाराच्या दृष्टीने ते किती छान! एका कल्पित गावाचा हिशेब करू. गावात साध्या मोटरसायकली १,००० आहेत. वर्षाला त्यांचे २० दावे येतात, दर दाव्यामागे सरासरी १५,००० रुपये द्यावे लागतात. एकूण ३ लाख, म्हणजे गाडीमागे ३०० रुपये. त्याच गावात शर्यती ढंगाच्या १०० मोटरसायकली आहेत. त्यांचे ५ दावे येतात, पण दर दावा ४०,००० रुपयांचा. एकूण २ लाख, म्हणजे गाडीमागे २,००० रुपये.

या हिशेबात दोन गोष्टींचा गुणाकार आहे हे ध्यानात घ्या: दावे किती वेळा येतात आणि एकेक दावा केवढ्याचा असतो. वेगवान गाड्यांचे दोन्ही आकडे मोठे आहेत. हजारी २० ऐवजी ५० दावे, आणि दाव्याची रक्कम अडीच पटींहून अधिक.

आता एका कंपनीने सर्वांना सारखा हप्ता लावला. ५ लाख भागिले १,१०० म्हणजे सुमारे ४५५ रुपये. पेटी बरोबर भरते. पण थोड्याच दिवसांत दुसरी कंपनी येते आणि म्हणते, "फक्त साध्या गाड्या आणा, आम्ही ३२० घेऊ." साध्या गाडीवाले तिकडे जाणार हे सांगायला नको. पहिल्या कंपनीकडे राहिल्या शंभर वेगवान गाड्या. त्यांच्याकडून मिळाले ४५,५०० रुपये आणि द्यायचे आहेत २ लाख. म्हणजे ती कंपनी बुडाली, नाहीतर तिने दर वाढवला. अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. वेगवान गाडीवरचा जादा आकार कोणाच्या रागातून आलेला नाही. जिथे कंपन्यांना दर ठरवण्याची मुभा असते आणि गिऱ्हाइकाला कंपनी बदलण्याची, तिथे तो आपोआप उगवतो.

वेगाचे पदार्थविज्ञान

पण वेगवान गाड्यांचे दावे मुळात जास्त का येतात? नेहमीच्या शंभर सीसीच्या मोटरसायकलीला सुमारे ८ अश्वशक्तीचे इंजिन असते आणि तिचे वजन ११० किलोच्या आसपास. परदेशात 'सुपरस्पोर्ट' म्हणतात तशा सहाशे सीसीच्या गाडीला ११० अश्वशक्ती आणि वजन १९५ किलो धरा. सत्तर किलोचा चालक दोन्हींवर बसवा आणि भागाकार करा. दुसरीला दर किलोमागे जवळजवळ नऊपट शक्ती मिळते. मूठ जराशी जास्त पिळली गेली, तर साध्या गाडीवर चूक सुधारायला उसंत मिळते. या गाडीवर ती मिळत नाही.

थांबण्याचे अंतर काढून पाहू. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो आणि नंतर गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ६ मीटरने कमी होतो असे माना. ताशी ४० किलोमीटर वेगाला विचारात जाणारे अंतर ११ मीटर आणि ब्रेकचे सुमारे १०, एकूण २१ मीटर. ताशी ८० ला २२ आणि ४१, एकूण ६३ मीटर. ताशी १२० ला ३३ आणि ९३, म्हणजे १२६ मीटर. वेग तिप्पट झाला आणि अंतर सहापट. विचाराचे अंतर वेगाच्या प्रमाणात वाढते, पण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, कारण गतिज ऊर्जा वर्गाने वाढते आणि ती सगळी ब्रेकला जिरवावी लागते. ब्रेकने जिरली नाही, तर समोरची गाडी, पादचारी किंवा चालकाची हाडे ती जिरवतात.

दाव्याच्या रकमेचे कारण मात्र साधे आहे. आमच्या अंगणात धाकट्याची गाडी नुसती स्टँडवरून कलंडली, तरी ते चकचकीत आवरण तडकेल. दादाच्या गाडीला फार तर आरशाची काच लागेल.

अमेरिकेतले आकडे

मोटरसायकलीच्या ढंगावरून दर बदलण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. तिथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २००५ साली नोंदणी झालेल्या दर १०,००० गाड्यांमागे किती चालक मृत्युमुखी पडले, हे तिने गाडीच्या प्रकारानुसार मोजले. साध्या आणि क्रूझर गाड्यांचा आकडा होता ५.७, लांबच्या प्रवासाच्या टूरिंग गाड्यांचा ६.५, साध्या स्पोर्ट गाड्यांचा १०.७ आणि सुपरस्पोर्टचा २२.५. म्हणजे साध्या गाडीच्या जवळजवळ चौपट. आमच्या पुतण्याच्या चौपटीशी हा आकडा जुळला तो योगायोग आहे. तिथले हे मृत्यू चालकांचे आहेत, इथला दर दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा आहे. दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

या आकड्यांपुढे जरा थांबू या. दहा हजारांत साडेबावीस, म्हणजे उरलेल्या ९,९७७ गाड्यांचे चालक त्या वर्षी वाचले. तेव्हा सुपरस्पोर्ट चालवणारा एखादा तरुण "मी सांभाळून चालवतो" म्हणाला, तर तो बहुधा खोटे बोलत नाही. तरीही त्याच्या गटाचा दर चौपटच आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. आकडेवारी शिकताना हीच जागा सर्वांत निसरडी असते. गटाचा गुणधर्म गटातल्या माणसाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

आणखी एक. त्याच पाहणीत मरण पावलेल्या सुपरस्पोर्ट चालकांचे सरासरी वय २७ होते, टूरिंग गाड्यांच्या चालकांचे ५१. मग मारले कोणी, गाडीने की वयाने? वेगाची आवड असलेले तरुण मुळात त्याच गाड्या निवडतात. त्यांना साधी गाडी दिली असती, तर ते सगळे सुखरूप राहिले असते का? थोडे राहिले असते, कारण वर काढलेली अंतरे खोटी नाहीत. सगळे मात्र नाही. (मद्यपान करून चालवण्याचे प्रमाण सुपरस्पोर्टवाल्यांपेक्षा क्रूझरवाल्यांत जास्त आढळले. प्रत्येक गटाचे दुखणे निराळे असते.) शास्त्रज्ञाला गाडीचा वाटा आणि चालकाचा वाटा वेगळा काढावा लागतो. विमा कंपनीचे त्यावाचून अडत नाही. दोन गोष्टी नेहमी बरोबर आढळतात एवढे तिला पुरते.

समाजाला ते नेहमीच पुरत नाही. युरोपात तरुण मुलींना मोटारीचा विमा तरुण मुलांपेक्षा स्वस्त पडे, कारण त्यांचे अपघात कमी. आकडे खरेच होते. तरीही युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी निर्णय दिला, की स्त्री-पुरुष भेदावर दर ठरवता येणार नाहीत. २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या करारांत तो भेद बंद झाला. गट कोणत्या खुणेवरून पाडायचे याचा निकाल नुसत्या गणिताने लागत नाही. जन्मतः लाभलेली खूण आणि दुकानात जाऊन निवडलेली गाडी यांत मला तरी फरक वाटतो. तुम्ही वर्गात वाद घालून पाहा.

आपल्याकडचे माप: सीसी

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हा विमा तुमच्या गाडीसाठी नाही, तुमच्यासाठीही नाही. तुमच्या गाडीने ज्याला इजा होईल त्या तिऱ्हाइतासाठी आहे. रस्त्याकडेने बाजारातून परतणाऱ्या एखाद्या बाईला धडक बसली, तर धडक देणाऱ्याचा खिसा रिकामा असला तरी तिला भरपाई मिळावी, हा हेतू. म्हणून विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

२०२२ च्या दरांत दुचाकींचे चार गट होते. ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० पर्यंत ७१४, १५० ते ३५० पर्यंत १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४. गाडी शर्यतीची की दुधाची, हे इथे कोणी विचारले नाही. सीसी, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचे घन सेंटिमीटरांतले आकारमान, एवढेच पाहिले. मोजायला हे माप सोपे आहे आणि त्यावर भांडणही होत नाही. पण ते ढोबळ आहे. बुलेट ३५० चे इंजिन प्रत्यक्षात ३४९ सीसीचे, शक्ती सुमारे २० अश्वशक्ती, वजन दोनशे किलोच्या आसपास, चाल राजेशाही. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी २०० सीसीची केटीएम ड्यूक तिच्यापेक्षा बरीच हलकी, आणि शक्ती सुमारे २५. दोघी एकाच गटात! विजेच्या दुचाकींना सिलिंडरच नसतो, म्हणून त्यांचे गट किलोवॅटवर, म्हणजे थेट शक्तीवर पाडावे लागले. माझ्या मते ते माप जास्त शास्त्रीय आहे. मात्र वजनाचा विचार त्यातही नाही.

आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने आकारतात. २००६ अखेरपर्यंत हे दर देशभर ठरलेले होते. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत पाच वर्षांच्या आतल्या १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १.७०८ टक्के, ३५० च्या वर १.८७९ टक्के, आणि नाशिक-कोल्हापूरला त्याहून किंचित कमी. २००७ पासून कंपन्यांना हे दर स्वतः ठरवण्याची मोकळीक मिळाली.

सवलतींचा हिशेब

जादा आकार गटाकडे पाहून लागतो, तर सवलत बहुधा माणसाकडे पाहून मिळते. अमेरिकेत सुरक्षित चालवण्याचे शिक्षण घेतल्यास अनेक कंपन्या सूट देतात. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ पडते आणि गाडी महिनोन् महिने घरात झाकून ठेवतात. त्या काळापुरता विमा कमी करून घेता येतो. ब्रेक लावल्यावर चाक जॅम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेलाही काही ठिकाणी सूट आहे. आपल्याकडे १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना ही यंत्रणा १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचीच झाली. पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले चोरीप्रतिबंधक उपकरण बसवले तर जुन्या दरपत्रकात अडीच टक्के सूट असे.

पण आपल्याकडची खरी सवलत म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग ओळीने २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. एक दावा केला की पुन्हा शून्य. ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. गाडी विकली तर ती नव्या गाडीवर नेता येते.

यात एक सुंदर उदाहरण दडलेले आहे. मूळ हप्ता २,००० रुपये आहे आणि सध्या तुम्हाला २० टक्के सूट मिळते असे समजा. गाडी पडली, दुरुस्ती १,२०० रुपये. दावा करावा का? न केल्यास पुढील पाच वर्षांत सूट मिळेल २५, ३५, ४५, ५०, ५० टक्के. केल्यास ०, २०, २५, ३५, ४५. वर्षवार फरक २५, १५, २०, १५, ५, म्हणजे बेरीज ८०. दोन हजारांचे ८० टक्के म्हणजे १,६०० रुपये. बाराशे मिळवण्यासाठी सोळाशे गमावायचे! म्हणून शहाणा माणूस किरकोळ नुकसान खिशातून भरतो. त्याचा एक परिणाम असा, की कंपनीच्या वहीतले अपघात रस्त्यावरच्या अपघातांपेक्षा नेहमी कमी असतात.

मात्र नो क्लेम बोनस थर्ड पार्टी विम्याला लागू नाही. इथे मला धाकट्याची बाजू घ्यावी लागली. गटाचा दर चौपट का, हे मी त्याला समजावू शकलो. पण वर्षानुवर्षे कोणालाही धक्का न लावणाऱ्याला त्या दरात दमडीचीही सूट का नाही, हे काही मला नीट समजावता आले नाही. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, गाडी किती किलोमीटर चालते आणि कशी चालवली जाते हे यंत्राने मोजून हप्ता ठरवण्यास २०२२ साली परवानगी मिळाली. हे ऐकून तो हरखला. दादाने मात्र विचारले, "म्हणजे तू कुठे जातोस, किती जोरात जातोस, ते सगळं कंपनीला कळणार?" त्यावर धाकटा चकली खाण्यात गुंतला.

सोडवून पाहा

१. वरील कल्पित गावात वेगवान गाड्यांच्या निम्म्या चालकांनी प्रशिक्षण घेतले आणि त्यांचे दावे निम्म्यावर आले. दाव्याची सरासरी रक्कम तीच राहिली. प्रशिक्षितांचा आणि अप्रशिक्षितांचा हप्ता वेगळा ठेवल्यास प्रत्येकी किती रुपये होईल? प्रशिक्षणाला कोण गेले असेल, मुळातच सावध असलेले की इतर? त्याचा उत्तरावर काय परिणाम होईल?

२. नो क्लेम बोनसच्या उदाहरणात गाडीची किंमत घसाऱ्याने घटते, म्हणून मूळ हप्ताही दरवर्षी १० टक्क्यांनी कमी होतो आणि पुढील वर्षाचा हप्ता १,८०० रुपये असेल असे धरा. आता किती रुपयांपर्यंतचे नुकसान खिशातून भरणे फायद्याचे?

३. शाळेत किंवा बाजारात उभ्या असलेल्या पन्नास दुचाकी मोजा आणि वरील चार गटांत मांडा. प्रत्येक गटातून तुमच्या गावात थर्ड पार्टी विम्याचे किती पैसे जमतील ते २०२२ च्या दरांनी काढा.